शेवटची तारीख, रात्री बारा

सित्र्याच्या गोदामात, उणे अठरा अंशांवर,
पेनातली शाई थिजते.
म्हणून मी विनोद पेन्सिलीने लिहिले,
ब्राझीलहून आलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांना टेकून,
पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूला.
हातमोजा काढून चार ओळी,
हातमोजा घालून दहा मिनिटं.
बाहेर पंचेचाळीस, आत उणे अठरा,
मधे एक रबरी पडदा, आणि पडद्यात मी,
अर्धा घामेजलेला, अर्धा गारठलेला.
प्रहसनाला आणखी काय लागतं?

सांगलीच्या एका संस्थेनं पत्रक काढलं होतं:
विनोदी एकांकिका, फक्त नवोदितांसाठी.
पात्रं चारच. वेळ चाळीस मिनिटं.
कुणाच्या भावना दुखावता कामा नयेत.
शेवटच्या तारखेला रात्री बारापर्यंत.
नवोदित म्हणजे कोण, यावर दोन दिवस अडलो.
बेचाळिसाव्या वर्षी, टक्कल पडल्यावर
उगवणारा चालेल का?
वयाची अट नव्हती. लाजेचीही नव्हती.

गुदैबियाच्या खोलीत आम्ही तिघं.
अश्फाक परकार, चिपळूणकडचा, म्हणाला,
“विनोदी लिहितोस? मग माझा मुकादम घाल.”
घातला. परकार हसला नाही.
“हा तर खराच आहे,” म्हणाला.
कुंजुमोनला मराठीचं अक्षर येत नाही.
तरी वाचन सुरू झालं की वरच्या पलंगावरून
पाय खाली सोडून ऐकायचा
आणि हमखास भलत्या जागी हसायचा.
मी त्या जागांवर चिडून फुल्या मारल्या.
तिसऱ्या खर्ड्यात फुल्या तेवढ्या ठेवल्या,
बाकीचं खोडलं.

एकांकिकेत एक बाप होता,
नुसता फोनवरचा, रंगमंचावर न येणारा
(चारच पात्रं).
मुलगा काहीही सांगो, पगार वाढला,
दाढ काढली, साहेबानं पासपोर्ट ठेवून घेतला,
बाप विचारणार: “तिकडे किती वाजले?”
मुलानं सांगितलं की क्षणभर गप्प,
बोटांवर हिशेब,
मग हळहळून: “म्हणजे तू अजून मागेच.”
हा बाप मला रचावा लागला नाही.
नऊ वर्षं दर शुक्रवारी ऐकत होतो.

शेवटच्या दिवशी कंटेनर उशिरा आला.
दहाला सुटलो. उरलेली दोन पानं
परकारनं फोनवर टाइप केली,
ऱ्हस्वदीर्घ स्वतःच्या मर्जीनं.
अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवली.
पन्नास मिनिटं शिल्लक!
आयुष्यात कुठेच इतक्या लवकर पोचलो नव्हतो.
कुंजुमोननं सुलेमानी चढवली,
लिंबू सापडेना, तरी.

उत्तर लगेच आलं, यंत्राचं, नम्र:
“आपली संहिता मुदत संपल्यानंतर मिळाली.”
परकारनं माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे,
मग फोनच्या त्या कोपऱ्याकडे
जिथं नऊ वर्षं घरची वेळ लावलेली आहे.
एक वाजून चाळीस.
उद्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग मी कुंजुमोनला बोटांनी समजावलं:
तिथे बारा, तेव्हा इथे साडेनऊ.
साडेनऊला मी कुठे? कोंबड्यांत.
तो विचार करत राहिला,
आणि असा हसला की चहा नाकातून आला.
ही जागा मी लिहिलेली नव्हती.

शुक्रवारी नानांचा फोन.
मी काही सांगायच्या आत,
“तिकडे किती वाजले?”
मला हसू आवरेना. परकारनं पाठीत गुद्दा घातला,
तरी आवरेना.
पलीकडे शांतता. हिशेब चालू असावा.
मग नाना म्हणाले,
“हे कधीचं हसतोयस?
इथं पोचायला नऊ वर्षं लागली.”

मी परकारला खूण केली:
पेन्सिल.